अंधारांतल्या पंडितांचीं पत्रें

फ्रँकफुर्टच्या जत्रेंत ईश्वरशास्त्राचा एक विद्यार्थी हिंडत होता. समोरून दोन गृहस्थ येतांना त्याला दिसले. अंगांत काळे पायघोळ झगे, डोक्यावर मोठाले शिरोवेष्टन, चालण्यांत भारदस्तपणा. हे विद्यापीठांतील कोणी आचार्यच असले पाहिजेत असें समजून त्यानें टोपी काढली आणि लवून वंदन केलें. बरोबरचा सोबती मात्र दचकला. कारण ते दोघे आचार्य नसून यहुदी होते. झालें! विद्यार्थ्याच्या जिवाची तळमळ सुरू झाली. आपल्या हातून मूर्तिपूजेसारखें पाप घडलें काय? घडलें असल्यास तें लहान कीं मोठें? साध्या धर्मगुरूला त्याचें क्षालन करतां येईल, कीं बिशपाकडे जावें लागेल, कीं थेट पोपच्या पायांशींच लोळण घ्यावी लागेल? अखेर त्यानें आपल्या जुन्या गुरूंना, कोलोनच्या ऑर्टविन ग्राटियस यांना, पत्र लिहून निर्णय विचारला.

श्रोतेहो, हें पत्र खोटें आहे. तें लिहिणारा विद्यार्थी कधीं जन्मलाच नाहीं. परंतु ज्यांना तें लिहिलें ते ऑर्टविन मात्र खरे होते, हयात होते, कोलोनला शिकवीत होते. आणि १५१५ च्या सुमारास एके दिवशीं त्यांच्या हातीं एक लहानसें लॅटिन पुस्तक पडलें, त्यांत त्यांच्या नांवें लिहिलेलीं अशीं एकेचाळीस पत्रें छापलेलीं होतीं. त्या पुस्तकाचें लॅटिन नांव ‘एपिस्टोले ऑब्स्क्युरोरम व्हिरोरम’. ‘ऑब्स्क्युरस’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : ज्याला कोणी ओळखत नाहीं तो, आणि जो अंधारांत आहे तो. मराठींत मी त्याला ‘अंधारांतल्या पंडितांचीं पत्रें’ म्हणतों. युरोपांतील विद्येच्या पुनरुज्जीवनकाळीं उपहासपर ग्रंथ पुष्कळ झाले. इरॅस्मसची ‘मूर्खतेची स्तुति’ १५११ मध्यें निघाली आणि ती आजही अनेकांच्या वाचनांत असते. परंतु शत्रूच्याच तोंडून शत्रूची फजिती करण्याची जी कला या पत्रांत आहे, ती इरॅस्मसलाही साधलेली नाहीं असें माझें मत आहे.

या हंसण्याच्या मुळाशीं एक गंभीर भांडण होतें, तें आधीं सांगितलें पाहिजे. योहान रॉइखलिन हा १४५५ मध्यें प्फोर्त्सहाइम येथें जन्मलेला जर्मन गृहस्थ. धंद्यानें वकील, पुढें न्यायाधीश, वृत्तीनें भाषापंडित. ग्रीक तर त्याला येत होतेंच, पण चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला हिब्रूचा ध्यास लागला. त्या काळीं ख्रिस्ती माणसानें हिब्रू शिकायचें म्हणजे यहुदी गुरु शोधणें आलें. रॉइखलिनला तो बादशहाच्या दरबारीं भेटला. याकोब बेन यहिएल लोआन्स हा बादशहाचा वैद्य. त्याच्यापाशीं बसून रॉइखलिननें १४९२ मध्यें अक्षरओळखीपासून आरंभ केला. १५०६ मध्यें त्यानें हिब्रूचें व्याकरण व कोश छापून प्रसिद्ध केला. जुना करार मुळांतून वाचूं पाहणाऱ्या ख्रिस्ती विद्वानाला हें पुस्तक म्हणजे बंद वाड्याची किल्लीच होती.

त्याच सुमारास कोलोनमध्यें योहान फेफरकोर्न नांवाचा एक मनुष्य पुढें आला. हा जन्मानें यहुदी, पण बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेला. नव्यानें धर्म स्वीकारलेल्यांचा आवेश कित्येकदां जन्मजात धर्मनिष्ठांहूनही कडक असतो. यहुदी लोक ख्रिस्ती होत नाहींत याचें कारण त्यांचीं पुस्तकें, तेव्हां तीं काढून घ्या, असा त्यानें १५०७ पासून पत्रकांचा सपाटा लावला. कोलोनचे डोमिनिकन पंथाचे साधु त्याच्या पाठीशीं उभे राहिले. ऑगस्ट १५०९ मध्यें त्यानें मॅक्सिमिलियन बादशहाकडून फर्मान मिळविलें, आणि त्या जोरावर फ्रँकफुर्टच्या यहुद्यांच्या घरांतून व प्रार्थनामंदिरांतून ग्रंथ उचलण्यास प्रारंभ केला. तेथील यहुद्यांनीं बादशहाकडे धांव घेतली. बादशहा चंचल होता. त्यानें पुढच्या वर्षीं जप्त ग्रंथ परत करविले, आणि हा प्रश्न माइन्त्सच्या आर्चबिशपमार्फत विद्यापीठांकडे व कांहीं निवडक विद्वानांकडे अभिप्रायासाठीं पाठविला. त्या विद्वानांत रॉइखलिन होता.

रॉइखलिनचा अभिप्राय ऑक्टोबर १५१० चा आहे, आणि माझ्या मतें या सर्व कथेंतील तेंच सर्वांत धैर्याचें पान होय. इतर बहुतेकांनीं जप्तीच्या बाजूनें कौल दिला असतां हा एकटा वकिलाच्या थंड डोक्यानें लिहितो कीं, यहुदी हे साम्राज्याचे रहिवासी आहेत, रोमन कायद्याप्रमाणें ते आपले सहनागरिक होत, आणि त्यांची मालमत्ता कोणालाही अशी हिसकावून घेतां येत नाहीं. यहुद्यांच्या ग्रंथांचे त्यानें सात वर्ग पाडले. ख्रिस्ताची उघड निंदा करण्यासाठींच रचलेलीं एकदोन पुस्तकें असतील तर चौकशी करून तीं नष्ट करावींत; बाकी सर्व राखावींत. जो तालमूद आपण वाचला नाहीं, जो वाचतां येण्याजोगी भाषा आपल्याला येत नाहीं, त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? जाळण्यापेक्षां प्रत्येक जर्मन विद्यापीठांत दहा वर्षें हिब्रूचे दोन अध्यापक नेमावेत, असें त्यानें सुचविलें.

हा अभिप्राय गुप्त राहावयाचा होता. तो फेफरकोर्नच्या हातीं पडला. १५११ च्या वसंतांत त्यानें ‘हातआरसा’ नांवाचें पुस्तक छापून रॉइखलिनवर यहुद्यांकडून लांच घेतल्याचा आरोप केला. त्याच वर्षीं रॉइखलिननें ‘डोळ्यांचा आरसा’ म्हणून उत्तर दिलें. मुखपृष्ठावर चष्म्याचें चित्र, आणि आंत प्रतिपक्षाच्या चौतीस असत्यांची मोजदाद. येथून पुढें प्रकरण दोघांचें राहिलें नाहीं. कोलोनच्या ईश्वरशास्त्र्यांनीं या पुस्तकांतून पाखंड वेंचून काढलें. याकोब होखस्ट्राटेन हा धर्मन्यायालयाचा अधिकारी. त्यानें १५१३ मध्यें रॉइखलिनला माइन्त्स येथें जाब देण्यास बोलाविलें. पुस्तक जाळण्याची सिद्धता झालेली असतां आर्चबिशपानें ऐन वेळीं कामकाज थांबविलें. कोलोनला मात्र फेब्रुवारी १५१४ मध्यें तें जाळण्यांत आलें. लवकरच स्पायरच्या बिशपाच्या न्यायालयानें रॉइखलिनला निर्दोष ठरवून होखस्ट्राटेनवर एकशें अकरा गुल्डेन खर्चाचा बोजा टाकला. होखस्ट्राटेननें रोमला अपील केलें, आणि रोममध्यें खटले कसे लांबतात हें सर्व ख्रिस्ती जगाला ठाऊक होतें.

म्हातारा रॉइखलिन एकटा पडला नाहीं हें दाखविण्यासाठीं त्यानें १५१४ मध्यें आपल्याला आलेल्या थोरथोर विद्वानांच्या पत्रांचा एक संग्रह छापला. त्याचें नांव ‘क्लारोरम व्हिरोरम एपिस्टोले’, म्हणजे नामांकित, प्रकाशांतल्या पुरुषांचीं पत्रें. या शीर्षकावरूनच कोणाच्या तरी डोक्यांत ती कल्पना चमकली. प्रकाशांतले पुरुष रॉइखलिनला लिहितात. मग ऑर्टविनला कोण लिहीत असतील? अर्थात् अंधारांतले!

तो ‘कोणी तरी’ म्हणजे मुख्यतः क्रोटस रुबियानस, हें आतां सामान्यतः मान्य झालें आहे. पहिला भाग बहुतांशीं त्याचा. १५१७ मध्यें निघालेला बासष्ट पत्रांचा दुसरा भाग मुख्यत्वें उल्‍रिख फॉन हुटेन या तरुण, तापट, तलवार व लेखणी दोन्ही चालविणाऱ्या सरदाराचा. पुस्तकावर कर्त्याचें नांव नव्हतें, आणि छापखान्याचें नांव खोटें होतें. तें व्हेनिसच्या सुप्रसिद्ध अल्डसच्या छापखान्यांत छापल्याचें लिहिलें होतें. छापलें होतें तें आल्सासमधील हागेनाउ गांवीं.

आतां पत्रांकडे वळूं. लिहिणाऱ्यांचीं नांवेंच पाहा : कोणी लांगश्नायडर, कोणी शेळ्यांचें दूध काढणारा, कोणी शेणखत गाडींत भरणारा, कोणी पिसें वेंचणारा. जर्मन आडनांवांना लॅटिन शेपट्या लावून हीं माणसें पंडित बनलीं आहेत. पहिल्याच पत्रांत लाइप्सिग येथील एक मेजवानी येते. नव्यानें पदवी घेतलेल्यांनीं दिलेली ती मेजवानी. भाजलेलें मांस, मासे, निरनिराळ्या गांवांची बिअर, आणि पोट भरल्यावर शास्त्रार्थ. ईश्वरशास्त्राच्या आचार्यांना त्या काळीं ‘मॅजिस्टर नॉस्टर’, म्हणजे ‘आमचे गुरुवर्य’, अशी पदवी लावीत. प्रश्न असा निघतो कीं, ज्याला ही पदवी अद्याप मिळावयाची आहे त्याला काय म्हणावें : ‘मॅजिस्टर नॉस्ट्रँडस’ कीं ‘नॉस्टर मॅजिस्ट्रँडस’? मराठींत सांगायचें तर ‘आमचे होऊं घातलेले गुरुवर्य’ कीं ‘गुरुवर्य होऊं घातलेले आमचे’? एक पंडित म्हणतो कीं ‘गुरु करणें’ असा धातु आहे, पण ‘आमचा करणें’ असा धातु नाहीं, म्हणून दुसरें रूपच शुद्ध. दुसरा म्हणतो, नवे धातु पाडतां येतात. आणि त्याला होरेसचा आधार देतो. वादाचा निकाल लागत नाहीं, म्हणून ऑर्टविनला पत्र.

दुसऱ्या एका पत्रांत एक वैद्य इरॅस्मसला भेटल्याची हकीकत कळवितो. जेवतांना ज्यूलियस सीझरच्या ग्रंथांविषयीं बोलणें निघतें, आणि वैद्यबुवांना राहवत नाहीं. त्यांचें अनुमान तर्कशास्त्राच्या दृष्टीनें बिनतोड आहे : जो मनुष्य सदैव लढायांत गुंतलेला असतो त्याला विद्येस वेळ मिळत नाहीं; सीझर सदैव लढायांत गुंतलेला होता; म्हणून सीझरला लॅटिन येणें शक्य नव्हतें; म्हणून ते ग्रंथ दुसऱ्याच कोणाचे आहेत! इरॅस्मस हंसला व कांहीं बोलला नाहीं, याचा अर्थ तो निरुत्तर झाला, असें वैद्यबुवा मोठ्या समाधानानें लिहितात. मला हें पत्र सर्वांत प्रिय आहे. यांत वैद्यबुवांची रीत चुकलेली नाहीं. विधानें सारीं जागच्या जागीं आहेत. फक्त जगाकडे डोळे उघडून पाहण्याचें तेवढें राहून गेलें आहे.

आणखी एक गृहस्थ रोमहून लिहितो. काम्पो दे’ फियोरी नांवाच्या चौकांतील एका खाणावळींत तो शुक्रवारीं जेवावयास बसला असतां अंडें फोडलें तों आंत पिलूं! शुक्रवारीं मांस निषिद्ध, अंडें चालतें. सोबत्यानें सल्ला दिला कीं खाणावळवाला पाहील आणि कोंबडीचे पैसे घेईल, तेव्हां चटकन गिळून टाक. त्यानें गिळलें. आतां प्रश्न असा : कवचाबाहेर न आलेलें पिलूं हें अंडें कीं मांस? पनीरांतल्या किड्या शुक्रवारीं खाल्ल्या जातातच. पण एका वैद्यानें सांगितलें कीं किड्यांची गणना माशांत होते, त्यामुळें तो दाखला उपयोगी पडत नाहीं. बिचाऱ्याला झोंप नाहीं.

या पत्रांची खरी गंमत भाषेंत आहे, आणि तीच भाषांतरांत निसटते. मराठी वाक्य मनांत धरून, शब्दावर शब्द ठेवून इंग्रजी बोलणारा मनुष्य आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. या पंडितांचें लॅटिन तसें आहे : वस्त्र रोमचें, पण आंतला देह कोलोनच्या गल्लींतला. मधूनमधून बायबलांतील वचनें भलत्याच ठिकाणीं चिकटविलेलीं, आणि मधूनच उखाण्यांसारखीं यमकें जुळविलेलीं पद्यें. दुसऱ्या भागांत एक मॅजिस्टर असाच पद्यमय प्रवास करतो. जर्मनींतल्या विद्यापीठांच्या गांवोगांवीं जातो, आणि जेथें जाईल तेथें नव्या विद्येचे लोक त्याला बडवून काढतात.

परिणाम काय झाला? पहिला परिणाम असा कीं, कित्येकांना ही थट्टा आहे हेंच कळलें नाहीं. टॉमस मोरनें ऑक्टोबर १५१६ मध्यें इरॅस्मसला कळविलें कीं हें पुस्तक सर्वांनाच आवडतें आहे : विद्वानांना विनोद म्हणून, आणि इतरांना तें खरेंच वाटतें म्हणून! आम्ही हंसतों तें केवळ शैलीला, असा त्या दुसऱ्यांचा समज. आणि म्यान ओबडधोबड असलें तरी आंतली तलवार उत्तम आहे, असें समाधान ते करून घेतात. ब्राबांतमधील एका डोमिनिकन मठाधिपतीनें हें पुस्तक आपल्या पंथाच्या स्तुतीचें समजून वरिष्ठांना भेट देण्यासाठीं त्याच्या प्रती विकत घेतल्या, असें इरॅस्मसनें पुढें लिहून ठेवलें आहे. स्वतः इरॅस्मस हीं पत्रें वाचतांना इतका हंसला कीं त्याच्या चेहऱ्यावरचें गळूं फुटलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १५१७ मध्यें दुसऱ्या भागांत आपलें नांव वारंवार आलेलें पाहून त्याचें हंसणें थांबलें, आणि असल्या लिखाणाशीं आपला संबंध नाहीं असें त्यानें जाहीर केलें. त्याला भित्रा म्हणणारे तेव्हांही होते. लूथरलाही या पत्रांचा तोंडाळपणा रुचला नाहीं. मार्च १५१७ मध्यें पोप दहावा लिओ यानें पुस्तकाविरुद्ध आज्ञापत्र काढलें. अर्थात् त्यामुळें खप वाढला असेल तर त्यांत नवल नाहीं.

येथवर मी हंसणाऱ्यांच्या बाजूनें बोललों. आतां दोन गोष्टी त्यांच्याविरुद्धही सांगितल्या पाहिजेत.

पहिली ऑर्टविनविषयीं. हा मनुष्य अडाणी नव्हता. डेव्हेंटरच्या ज्या शाळेंतून इरॅस्मस बाहेर पडला, त्याच गांवच्या विद्येवर हाही पोसलेला. लॅटिन काव्य लिहिणारा, छापखान्यासाठीं ग्रंथ तपासणारा. तो ईश्वरशास्त्राचा आचार्यही नव्हता. फेफरकोर्नचीं पत्रकें त्यानें लॅटिनमध्यें उतरविलीं, हा त्याचा अपराध. म्हणजे ज्याला अधिक कळावयास हवें होतें असा तो साक्षीदार होता, आणि नव्या विद्येच्या मंडळींना राग आला तो त्यामुळेंच. पण शिक्षा काय झाली? फेफरकोर्नच्या बायकोशीं त्याचे संबंध असल्याच्या घाणेरड्या सूचना, पत्रामागून पत्रांत. १५१८ मध्यें त्यानें ‘अंधारांतल्या पुरुषांचे विलाप’ म्हणून उत्तर छापलें. तें कोणी वाचलें नाहीं. तो १५४२ मध्यें वारला, आणि आज कोणाला त्याचें नांव ठाऊक असलें तर तें त्या खोट्या पत्रांच्या माथ्यावरचें नांव म्हणूनच. कोलोनचें विद्यापीठही केवळ मूर्खांचा बाजार नव्हतें. त्या नगरींत आल्बर्टस मॅग्नसनें शिकविलें होतें आणि टॉमस अक्वायनसनें त्याच्यापाशीं अध्ययन केलें होतें. एक मोठी परंपरा म्हातारी होऊन पुटपुटूं लागली होती. उपहासकारांनीं तें पुटपुटणें तेवढें अचूक टिपलें.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आरंभीं सांगितलेलें टोपी काढणाऱ्याचें पत्र पुन्हां आठवा. आपण हंसतों तें त्या विद्यार्थ्याला. पण त्या विनोदाची कडी अशी आहे कीं यहुद्याला नमस्कार होणें हीच मुळांत हास्यास्पद गोष्ट धरलेली आहे. फेफरकोर्नची निंदा करतांना हे नव्या विद्येचे कैवारी वारंवार त्याच्या जातीवर उतरतात : बाप्तिस्मा घेतला तरी यहुदी तो यहुदीच, असा सूर. इरॅस्मसचीं खासगी पत्रेंही याला अपवाद नाहींत. म्हणजे यहुद्यांचे ग्रंथ जाळूं नयेत म्हणून जें भांडण सुरू झालें, त्यांतले पुष्कळसे योद्धे ग्रंथांसाठीं लढत होते, ते वाचणाऱ्या माणसांसाठीं नव्हे. रॉइखलिनलाही यहुदी धर्माविषयीं प्रेम होतें असें म्हणवत नाहीं. परंतु ‘सहनागरिक’ हा शब्द त्यानें लिहिला. तो त्या विनोदी पुस्तकांत मला कोठेंही आढळला नाहीं.

खटल्याचें पुढें असें झालें. जुलै १५१६ मध्यें रोमच्या मंडळाचा कल रॉइखलिनकडे होता, पण पोपनें निर्णय तहकूब ठेवला. तोंवर जर्मनींत लूथरचें वादळ उठलें. जुनें भांडण नव्याच्या प्रकाशांत दिसूं लागलें. आणि १५२० च्या जून महिन्यांत त्याच लिओनें ‘डोळ्यांचा आरसा’ दोषी ठरवून खर्चाचा भार रॉइखलिनवर टाकला. म्हाताऱ्यानें तो निर्णय निमूट मानला, लूथरच्या पंथाला तो गेला नाहीं, शेवटचीं दोन वर्षें इंगोल्स्टाट व ट्युबिंगेन येथें ग्रीक-हिब्रू शिकविलें, आणि १५२२ मध्यें देह ठेवला. हुटेन पुढच्याच वर्षीं झुरिखच्या सरोवरांतील एका बेटावर आजारी व निष्कांचन स्थितींत मरण पावला. क्रोटस पुन्हां जुन्या धर्मसंस्थेच्या आश्रयास गेला, आणि ज्यांना त्यानें हंसविलें होतें त्यांनीं त्याला शिव्या दिल्या. लूथरनें १५४३ मध्यें यहुद्यांविरुद्ध पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांचे प्रार्थनाग्रंथ व तालमूद काढून घ्यावेत हीच सूचना आहे, जी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं फेफरकोर्नची होती.

आणि तालमूदचें काय झालें? ज्या १५२० मध्यें रॉइखलिन खटला हरला त्याच सुमारास व्हेनिसमध्यें डॅनिएल बोंबर्ग नांवाच्या ख्रिस्ती मुद्रकानें संपूर्ण बाबिलोनी तालमूद छापावयास घेतला होता. परवानगी दहाव्या लिओचीच. १५२३ पर्यंत ते सर्व खंड बाहेर पडले, आणि तेव्हांपासून आजतागायत छापल्या गेलेल्या बहुतेक प्रतींची पानवारी बोंबर्गच्या त्या छपाईवरूनच चालत आली आहे. मात्र तीस वर्षांनीं, सप्टेंबर १५५३ मध्यें, तिसऱ्या ज्यूलियस पोपच्या कारकीर्दींत, रोमच्या यहुद्यांच्या घरांतून तालमूदच्या प्रती गोळा करून जाहीर रीतीनें जाळण्यांत आल्या. तो दिवस यहुद्यांच्या नववर्षाचा होता. आणि ती जागा होती काम्पो दे’ फियोरी, त्या पत्रांतल्या गृहस्थानें जेथें अंड्यांतलें पिलूं गिळलें होतें तोच चौक.